न पाहिलेलं पान

प्रिय गुपचूपबाई,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली! आमच्या दुसरीच्या पोरांनी ठेवलेलं नाव. तुझ्या नेमणुकीच्या कागदावर 'वाचन-लेखन मार्गदर्शक' अशी लांबलचक पदवी होती, ती कधी कुणाच्या जिभेवर बसलीच नाही. तू वर्गात यायचीस, मागच्या ठेंगण्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसायचीस, आणि तासभर तुझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. एका पोरीने मला कानात विचारलं होतं, की बाई, ह्या मुक्या आहेत का हो, मग आपण ह्यांना बोलायला शिकवायचं का? तुला मी ते बहुतेक कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून टाकलं.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे हयात आहोत. फोन का केला नाही म्हणशील. केला होता. यांनीच लावून दिला. आधी तू बैठकीत होतीस, आणि नंतर तुझा आवाज ऐकू आला तेव्हा मी हवापाण्याचं बोलले, तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि ठेवून दिला. तोंडाने काही जड सांगायचं म्हटलं की मी विनोद करते, हा माझा जुना आजार तुला ठाऊक आहे. लिहिताना तसं होत नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते. एखादं वाक्य दोनदा आलं, किंवा एक ओळ दुसरीवर चढली, तर रागावू नकोस. मी हे परत वाचून बघणार नाहीये.

शाळेचं म्हणशील तर भिंतींना नवा रंग दिलाय, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा पिवळा. पाण्याची टाकी अजून गळते. तुझी बदली झाल्यावर तुझी जागा कुणी भरली नाही. वरच्या कचेरीतून पत्र आलं, की मार्गदर्शकांची आता गरज नाही, शिक्षक स्वयंपूर्ण झाले आहेत. आम्ही सगळ्याजणींनी ते ऐकून एकमेकींकडे पाहिलं आणि स्वयंपूर्णपणे चहा प्यायला गेलो. मागचा बाक मात्र मी हलवू दिला नाही. त्यावर आता वाळत घातलेल्या छत्र्या आणि पोरांची दप्तरं असतात.

तुला आपलं पहिलं भांडण आठवतं का? मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते. माझा वर्ग एका सुरात धडा म्हणायचा, अगदी खणखणीत, बाहेरून जाणारा माणूस थांबून ऐकायचा. तू ऐकलंस आणि मधेच हात वर केलास, एखाद्या पोरासारखा. म्हणालीस, थांबा, आता ज्या शब्दावर आपण आलो त्यावर बोट ठेवा. आणि बोटं कुठे कुठे होती! कुणाचं चित्रावर, कुणाचं पुढच्या पानावर, कुणाचं नाकात. खरं वाचणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचा सगळा वर्ग शेजाऱ्याच्या ओठांवर स्वार होऊन धड्यातून फिरून येत होता. मी तुझ्यावर इतकी भडकले, की तू माझ्या पोरांची फजिती केलीस म्हणून मुख्याध्यापक सरांकडे तक्रार घेऊन गेले. तू शांतपणे म्हणालीस, फजिती कुणाचीच नाही, ती पोरं फार कष्ट करतायत, वाचता येत नाही हे लपवायला वाचण्यापेक्षा जास्त अक्कल लागते. त्या दिवसापासून मी तुझी झाले. पुढे तू मला ते कष्ट ओळखायला शिकवलंस. कोण चित्र बघून ठोकून देतो, कोण पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधतो, कुणाला वाचायची पाळी आली की नेमकी लघवी लागते, कुणाचा घसा बसतो, कुणाचं पुस्तक हरवतं. रागावू नकोस, फक्त बघ, असं तू म्हणायचीस. मी बघायला शिकले. एवढी शिकले की पोरगं दारातून आत आलं तरी मला त्याच्या चालीवरून कळायचं.

या वर्षी शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळपासून डोकं ठणकत होतं, आणि वर्गात शिरताना उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. लक्ष नव्हतं असं वाटलं. तू लावून दिलेल्या सवयीप्रमाणे फळ्यावर आजची ओळ लिहिली आणि मागे वळले.

दूधवाला आला होता म्हणून उठले. आता मी कुठवर आले होते ते मला कळायला मार्ग नाही, तेव्हा आठवतं तिथून लिहिते. तू लावून दिलेल्या सवयीप्रमाणे फळ्यावर आजची ओळ लिहिली आणि मागे वळले. पहिल्या बाकावरच्या पोराने विचारलं, बाई, शेवटचा शब्द काय आहे? मी फळ्याकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं. माझं वळण, माझी लांब वेलांटी. पण ते काय होतं ते मला कळेना. दोऱ्याचं रीळ सांडावं तसं काहीतरी पांढरं फळ्यावर पसरलं होतं. मी डोळे मिटले, उघडले. टेबल धरून उभी राहिले. मग म्हटलं, तूच सांग बरं, तुला येतं की! त्याने वाचलं, 'आहे'. मी म्हटलं, शाब्बास.

कळलं ना तुला? तू तर दुसऱ्या ओळीलाच ओळखलं असशील. मला वाचता येत नाही, बाई. तेव्हापासून येत नाही. लिहिता येतं, हात आपोआप चालतो, जसा भाजी चिरताना चालतो. हे पत्र तुझ्यासमोर आहेच. पण लिहून झालेल्या ओळीवर नजर टाकली की ती मला परकी. एखादं सुटं अक्षर बोटाने गिरवलं तर हाताला समजतं, पण जोडाक्षर आलं की हात टेकते. एक शब्द गिरवत बसले तर चहा निवून जातो.

पहिल्यांदा वाटलं थकवा असेल, जाईल. मग वाटलं चष्मा असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे माझ्या आधी एक आजोबा खुर्चीत बसून भिंतीवरची अक्षरं मोठ्यांदा म्हणत होते. मी तीच तशीच्या तशी म्हटली. का म्हटली ते मला आजही सांगता येत नाही. लाज वाटली, एवढंच. डॉक्टर म्हणाले, या वयात असे डोळे नशिबानेच मिळतात. मी पैसे दिले आणि रस्त्यावर येऊन रडले.

आणि मग मी पोरांच्या सगळ्या लबाड्या एकेक करून वापरल्या. तू ज्या मला ओळखायला शिकवल्यास त्याच. परिपत्रक आलं की घसा बसायचा आणि शेजारच्या वर्गाच्या बाई ते वाचून दाखवायच्या. सही करायची जागा विचारायला मी विनोद तयार ठेवायचे. वर्गात तर काहीच अडलं नाही, कारण दुसरीचं पुस्तक मला इतकी वर्षं शिकवून तोंडपाठ. पोरगं चुकलं तर मला कानाने कळायचं. पण न चुकता म्हणणारं पोर वाचतंय की पाठ म्हणतंय हे कळायला त्याचं बोट आणि पानावरचा शब्द दोन्ही एकदम दिसावे लागतात, आणि माझ्याकडे शब्दच नव्हता. पोरं रोज एकेक ओळ मला लिहून द्यायची, मी खाली एक ओळ उत्तर लिहायचे, तू सुरू केलेली ती गोष्ट मला किती आवडायची! आता सगळ्यांच्या वहीत नुसती चांदणी. एका पोराने वही घेतली, चांदणी बघितली, आणि टेबलापाशी तसाच उभा राहिला. हलेना. मी म्हटलं, काय रे, आणखी एक हवी का? शेजारच्या बाकावरची पोरगी म्हणाली, बाई, त्याची आजी वारली ना काल, त्याने तेच लिहिलंय. मला त्या क्षणी जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं असं तू म्हणशील. मीही म्हणते. पण माणूस इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर उभा असतो तीच काढून घेतली, तर उद्या सकाळी उठून त्याने करायचं काय? मी शिक्षक आहे, मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा बेताचाच येतो, विचार आमच्या यांना.

यांचं सांगते. तुला माहीत आहे, बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून यांना कुणी हुकूम द्यायला उरलं नाही. सकाळी पेपर मला वाचून दाखवा, डोळे दुखतात, असं म्हटल्यावर यांची कळी खुलली. रोज अगदी बातमीदाराच्या थाटात वाचायचे. मी खांद्यावरून डोकावून मान डोलवायचे. एक दिवस यांनी वाचलं, की आपल्या गल्लीत विमानतळ मंजूर झाला असून भूमिपूजन आपल्या बायकोच्या हस्ते होणार आहे. मी पानाकडे बघत म्हटलं, अरे वा. हे हसले. मग दुसरी बातमी तशीच काढली, मग तिसरी. मग हसायचे थांबले. पेपर घडी करून ठेवला आणि माझा हात हातात घेऊन बसले. मग मोठ्या हॉस्पिटलात जाऊन नाव नोंदवून आले. तिथल्या डॉक्टरांची तारीख मिळाली ती वार्षिक परीक्षेनंतरची. डोक्याच्या नसांचं काही असावं असं नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना वाटलं म्हणे.

आता भिंगरीचं. खरं तर पत्र तिच्यासाठीच सुरू केलंय आणि इतका वेळ मी तिच्याभोवतीच घुटमळतेय. भिंगरी या वर्षी माझ्या वर्गात आली. एका जागी बसणार नाही, स्वतःभोवती गिरक्या घेत पाणी प्यायला जाईल, म्हणून भिंगरी. बाप धान्याच्या गोदामात पोती उचलतो, आई चार घरची भांडी घासते. घरात वाचणारं कुणी नाही. ही पोर धडा एकदा ऐकला की दुसऱ्या दिवशी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. पुस्तक समोर धरून, पान योग्य वेळी उलटून. तू असतीस तर पहिल्याच दिवशी तिच्याजवळ जाऊन म्हणाली असतीस, जरा शब्दावर बोट ठेव गं. मी ऐकत राहिले. माझ्या कानाला ती वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी पोर वाटली. तिला पुस्तक पाठ, मला पुस्तक पाठ, आणि दोघी एकमेकींवर खूश.

पालकसभेच्या आधी सरांनी विचारलं, या वर्षी वाचून कोण दाखवणार? मी भिंगरीचं नाव दिलं. बाप अर्धा दिवस रजा टाकून आला. केस ओले करून बसवलेले, सदरा इस्त्रीचा, आणि येताना गोदामातल्या सगळ्यांना सांगून आलेला. तो पुढच्या रांगेत बसला. आणि सरांनी तिच्या हातात दिलं ते धड्याचं पुस्तक नव्हतं. तुझाच नियम, सभेत पोराला न पाहिलेलं पान द्यायचं, पाठ केलेलं नाही. तू गेल्यावर मला वाटलं होतं तो नियमही तुझ्याबरोबर गेला. सरांनी तो इमानाने जपला होता.

पोर उभी राहिली. पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. मी उठले, तू शिकवलंस तसं, पोर अडलं की शेजारी गुडघ्यावर बसायचं, शब्दाखाली बोट ठेवायचं, हवं तर पहिला आवाज काढून द्यायचा. बसले. बोट ठेवलं. आणि दोघी त्या पानाकडे बघत राहिलो. बारीक छापलेलं, जोडाक्षरांनी भरलेलं पान. मी गिरवायला गेले तर पहिल्याच जोडाक्षरावर बोट अडलं. पोरीने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, बाई, तुम्हालापण?

मला आजवर कुणी इतकं नेमकं ओळखलं नव्हतं. तूसुद्धा नाही. मी मान हलवली. मग तीच म्हणाली, चित्रातलं सांगू का? चित्रात एक म्हातारा शिडीवर चढून रस्त्यावरच्या दिव्यापाशी काहीतरी करत होता. मी म्हाताऱ्यावर बोट नेऊन म्हटलं, सांग. आणि तिने मोठ्यांदा, धड्याच्याच सुरात सुरू केलं, की एक आजोबा होते, ते रोज दिवा पुसत असत, कारण अंधारात माणसांना घर सापडत नाही. किती सुंदर सांगितलं गं तिने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाप तर उभा राहून वाजवत होता. मग सर आले, पुस्तक हातात घेतलं, पान बघितलं आणि म्हणाले, यातलं एक अक्षरही इथे नाही. म्हातारा दिवा पुसत नव्हता, काचेत अडकलेलं पाखरू सोडवत होता. ते पाखरू काचेच्या उजव्या कडेला होतं म्हणे. मला उजवीकडचं नीट दिसतच नाही. मी पोरीला सांग म्हटलं, तिने माझं बोट जिथे होतं तिथलं सांगितलं.

सर वाईट नाहीत. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, हिला अजून वाचता येत नाही, पहिलीत परत बसवावं लागेल. पण ते सगळ्यांच्या देखत म्हणाले. बापाचे हात टाळीतच थांबले. मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले, आणि पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. तिला दाखवता आलं असतं. ती पुस्तक टेबलावर ठेवून खाली उतरली आणि त्या दिवशी पहिल्यांदा सरळ चालत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत नाही. आईला विचारलं तेव्हा कळलं, बापाने मारलं वगैरे नाही. तो नुसता म्हणाला, आपल्यात नाही येत ते कुणाला, उगाच पोरीचे हाल कशाला. या महिन्याअखेर तिला परगावी आत्याकडे पाठवायचं ठरलंय, आत्याचं बाळ सांभाळायला. एकदा गेली की ती परत शाळेचं तोंड बघणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

मी आधी सरांकडे गेले. तोंडाने सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, बाई, तुम्ही दमलायत. म्हणून घरी येऊन सगळं लिहून काढलं, नीट, समास सोडून, की मला वाचता येत नाही, भिंगरीला शिकवलंच गेलेलं नाही, तिच्यात काही कमी नाही, आणि मला वर्गावरून काढावं. सरांनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता विश्वास बसला. ते म्हणाले, ज्या बाईला वाचता येत नाही तिने हे लिहिलं? इतकं सुवाच्य? डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, डोळे उत्तम आहेत. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि हळुवारपणे म्हणाले, एका पोरीसाठी इतक्या वर्षांची नोकरी पणाला लावू नका, मी हा कागद पाहिलाच नाही. आमचे हे सांगायला गेले तर सरांनी यांनाही चहा पाजून परत पाठवलं, नवरा-बायकोचं एकमत असणारच म्हणून.

मग बापाकडे गेले. एका खोलीचं घर, दाराशी पाण्याचं पिंप. त्याने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, स्वतः उभा राहिला. मी सगळं सांगितलं. म्हटलं, पोर तुझी खोटारडी नाही, मठ्ठ नाही, चूक माझी आहे, मलाच वाचता येत नाही. तो ऐकता ऐकता डोळे पुसायला लागला. म्हणाला, बाई, तुम्ही देवमाणूस आहात, माझ्या पोरीची लाज झाकायला स्वतःच्या अंगावर घेताय, पण खोटं बोलू नका, आम्हाला पाप लागेल. मी म्हटलं, अरे खरंच! दाखवते. आणि इकडेतिकडे पाहिलं. एक तेलाचा डबा होता, त्यावर काहीतरी छापलेलं. मी तो उचलला आणि मग लक्षात आलं, की ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही तिथे मला वाचता येत नाही हे मी सिद्ध कसं करणार? मी त्या डब्यावरून काहीही म्हटलं असतं तरी त्याला ते खरंच वाटलं असतं. डबा हातात घेऊन मी वेड्यासारखी उभी राहिले. कोपऱ्यात भिंगरी बसली होती. ती म्हणाली, बाबा, बाई खरं सांगतायत. तो म्हणाला, तू गप.

म्हणून तुला लिहितेय. तू ये. महिना संपायच्या आत ये, बैठका गेल्या खड्ड्यात. सर तुझा शब्द मानतात, आणि बापाला मी हात धरून हॉलमध्ये आणीन. येताना एक न पाहिलेलं पान घेऊन ये, सोपं नको, आणि आधी मला काय आहे ते सांगू नकोस. तो ठेंगणा बाक हॉलमध्ये आणवून मला त्यावर बसव आणि दुसरीच्या पोराला तपासतेस तसं सगळ्यांदेखत तपास. ते पान आधी सरांना मोठ्याने वाचायला लाव, मी हॉलबाहेर असताना, म्हणजे त्यावर खरं काय आहे ते बापाच्या कानावर पडेल. मग मला आत बोलव. मी अडले की तुझ्या सवयीने पहिला आवाज काढून देशील, तो देऊ नकोस. मी रडले तरी थांबू नकोस. बापाला दिसू दे, की जिच्याकडे त्याने पोर शिकायला पाठवली तिलाच येत नाही, आणि पोरीत काही खोट नाही. मी नापास झाले की मग भिंगरीला जवळ घे आणि पहिल्या अक्षरापासून सुरू कर. ती लवकर शिकेल, मला खात्री आहे, पण ते मी करू शकत नाही. आणि या पत्राला उत्तर लिहू नकोस. ते मला यांच्याकडून वाचून घ्यावं लागेल, आणि नाही असं लिहिलेलं असलं तर हे मला हो म्हणून वाचून दाखवतील.

तुझीच,
पहिल्या दिवशी तुझ्याशी भांडलेली बाई